विशीतल्या पोरांवर लावलेला डाव

भाताची कापणी झाली की सापगावपासून किन्हवली, सरळगावपर्यंत शेतंच मैदानं होतात. टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात आणि प्रत्येक गावच्या टीममध्ये दरवर्षी तोच वाद रंगतो. दहा वर्षं खेळणारा दादा यंदा फॉर्ममध्ये नाही, पण त्याला बसवायचं कोणी? अकरावी-बारावीतला पोरगा नेटाने बॉल टाकतोय, पण तो आत येणार तर बाहेर कोण जाणार? शेवटी दादाच खेळतो आणि पोरगा पाणी घेऊन सीमारेषेवर उभा राहतो.

हाच वाद एकेकाळी भारताच्या क्रिकेट टीमपुढे होता आणि तो मिटवायची जबाबदारी विजय मर्चंट नावाच्या माणसावर आली होती. आज आपल्या पिढीला हे नाव माहीत असलंच तर ते १६ वर्षांखालच्या मुलांच्या विजय मर्चंट ट्रॉफीमुळे. माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

जन्म १२ ऑक्टोबर १९११, मुंबई. घर गिरणीमालकांचं, आडनाव ठाकरसी. शाळेत नाव विचारताना वडिलांचा व्यवसायही विचारला गेला, उत्तरांची गल्लत झाली आणि वहीत आडनाव पडलं ‘मर्चंट’, ते कायमचंच. सिडनहॅम कॉलेजकडून खेळलेला हा मुलगा डिसेंबर १९३३मध्ये, भारतातल्या पहिल्याच कसोटीत, बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडविरुद्ध उतरला. १९३६ साली मँचेस्टरला त्याने मुश्ताक अलीबरोबर २०३ धावांची सलामी दिली. दोघांचीही शतकं झाली. तेव्हा मर्चंट २४ वर्षांचे होते.

आणि मग भारत थेट १९४६पर्यंत एकही कसोटी खेळला नाही. मध्ये दुसरं महायुद्ध झालं. बॅट्समनचं ऐन भराचं वय म्हणतात ना, ते मर्चंट यांचं देशांतर्गत सामन्यांत गेलं. तिथे त्यांनी काय केलं ते बघा: रणजी ट्रॉफीत ९८.७५ची सरासरी, महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९. प्रथम श्रेणीतली त्यांची सरासरी ७१.६४, म्हणजे ब्रॅडमननंतर लगेच त्यांचा नंबर. पण कसोट्या किती? फक्त १०, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध आणि १८ वर्षांत विखुरलेल्या. शेवटची दिल्लीत, १९५१ साली. वय ४० आणि धावा १५४. त्याच सामन्यात फिल्डिंग करताना खांदा दुखावला आणि त्यांनी खेळणं थांबवलं.

हे एवढं सांगायचं कारण, पुढे निवड समितीचं अध्यक्षपद आल्यावर मर्चंट तरुण पोरांसाठी इतके हट्टी का झाले, याचं मूळ मला तरी या हुकलेल्या दहा वर्षांत दिसतं. खेळाडूचं वय कोणासाठी थांबत नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

साठच्या दशकाच्या अखेरीस टीमची अवस्था बिकट होती. १९६७मध्ये इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गेल्या, लगेच ऑस्ट्रेलियात चारही गेल्या. १९६८मध्ये न्यूझीलंडमध्ये ३-१ अशी मालिका जिंकली खरी, पण चंदू बोर्डे, रुसी सुरतींसारखे खंदे खेळाडू आता उताराला लागले होते. तेवढ्यावर आणखी दोन वर्षं ढकलता आली असती. मर्चंट यांनी ढकलली नाहीत.

१९६९च्या सीझनमध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया पाठोपाठ भारतात आले आणि मर्चंट यांच्या समितीने नव्या पोरांना अक्षरशः रांगेने आत घेतलं. चेतन चौहान आणि अशोक मांकड, दोघेही २२. एकनाथ सोलकर २१. गुंडाप्पा विश्वनाथ २०. मोहिंदर अमरनाथ तर १९, म्हणजे आपल्या एसवाय-टीवायच्या वयाचा! सगळेच टिकले असं नाही. अजित पै एका कसोटीत संपले, अंबर रॉय चारमध्ये.

निकाल काय लागला? वाईट. नागपूरला न्यूझीलंडने भारतातली आपली पहिली कसोटी जिंकली आणि मालिका १-१ राहिली. ऑस्ट्रेलियाने ३-१ने हरवलं. टीका तर होणारच होती. घरच्या मैदानावर मार खात असताना प्रयोग कसले करता, हा प्रश्न चूक नव्हता. पण याच पराभवांच्या मोसमात विश्वनाथने कानपूरला पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात १३७ काढले. शून्यावर त्याचा हिशेब झाला असता तर? नवीन टीम बांधताना हा मधला काळ सगळ्यात कठीण असतो. पोरं अजून तयार नसतात, जुने गेलेले असतात आणि स्कोअरबोर्ड रोज लाज काढतो.

सोलकरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्याचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करायचे, कुटुंब तिथल्याच एका खोलीत राहायचं. ज्या जिमखान्यात मर्चंट यांच्यासारखी बडी मंडळी खेळायला येत, तिथल्या ग्राउंड्समनचा मुलगा भारताच्या टीममध्ये आला. शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या अगदी पुढ्यात, विनाहेल्मेट उभं राहून त्याने जे कॅचेस घेतले, त्यावर भारताची फिरकी जगली.

मग आला ८ जानेवारी १९७१. वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कॅप्टन निवडायचा होता. एका बाजूला मन्सूर अली खान पतौडी, लोकांचा लाडका, वयाच्या २१व्या वर्षी कॅप्टन झालेला. दुसऱ्या बाजूला मुंबईचा अजित वाडेकर. मतं सारखी पडली आणि अध्यक्ष म्हणून मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरच्या पारड्यात टाकलं. केवढा गहजब झाला! १९४६च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंट यांच्याऐवजी पतौडींचे वडील कॅप्टन झाले होते, त्याचा सूड मुलावर काढला, अशीही कुजबुज झाली. खरं सांगायचं तर हा निर्णय ‘तरुणाला संधी’ या खात्यात बसत नाही. पतौडी आणि वाडेकर जेमतेम तीन महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. मर्चंट यांना बहुधा कॅप्टनही नवा हवा होता, जुन्या वलयाशिवायचा. पण सूडाचा संशय त्यांना आयुष्यभर चिकटून राहिला हेही खरं.

दौऱ्यावर गेलेल्या टीममध्ये सेंट झेवियर्स कॉलेजचा, विद्यापीठाच्या मॅचेस गाजवलेला एक २१ वर्षांचा ओपनर होता. बोटाच्या दुखण्यामुळे तो पहिली कसोटी खेळलाच नाही. उरलेल्या चार कसोट्यांत सुनील गावसकरने ७७४ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच हरवलं आणि मालिका १-० अशी खिशात घातली.

मात्र नुसती पोरंच जिंकली, असं कोणी सांगितलं तर मानू नका. जमैकातल्या पहिल्या कसोटीत ५ बाद ७५ अशी दैना असताना २१२ काढणारा दिलीप सरदेसाई तिशीतला होता आणि संघातली त्याची जागा पक्की नव्हती. त्याच्याबरोबर ६१ धावा करून उभा राहिलेला दुसरा कोण, तर सोलकर. पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड यांना काढणारा सलीम दुराणीही जुनाच. विशीतल्या टीमला असे दोन-तीन जाणते लागतातच.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंड दौरा होता. मर्चंट यांच्या समितीने तीन वर्षांपेक्षा जास्त काळ बाहेर असलेल्या भागवत चंद्रशेखरला परत बोलावलं. पोलिओने अधू झालेल्या हाताने बॉलिंग करणाऱ्या या माणसाने ओव्हलवर ३८ धावांत ६ विकेट काढल्या आणि इंग्लंड १०१मध्ये गुंडाळलं गेलं. २४ ऑगस्ट १९७१ला भारताने इंग्लंडमधली पहिली कसोटी आणि मालिका जिंकली. नागपूरच्या पराभवाला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

नंतर मर्चंट निवड समितीतून बाहेर पडले. विविध भारतीवर रविवारी क्रिकेटवर बोलायचे, घरची गिरणी पाहायचे. अंध-अपंगांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी बरीच वर्षं काम केलं, स्वतःच्या गिरणीतही अशा लोकांना घेतलं. २७ ऑक्टोबर १९८७ला ते गेले तेव्हा भारतात वर्ल्ड कप चालू होता आणि टीममध्ये गावसकर खेळत होता, आता ३८ वर्षांचा, सगळ्यात सीनियर.