नारायण श्रीपाद राजहंस (बालगंधर्व)

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (जन्म : नागठाणे, २६ जून १८८८, मृत्यू : पुणे, १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील गायक-नट आणि नाटक मंडळीचे मालक होते. त्यांच्या स्त्रीभूमिका आणि नाट्यपदे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या प्रयोगांच्या आठवणींत गाण्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट हमखास येते, ती म्हणजे अत्तर.

बालपण आणि पदार्पण

कराडला कोयनेला पोटात घेऊन कृष्णा पुढे सांगली जिल्ह्यात उतरते. तिच्याच काठी, आजच्या पलूस तालुक्यात, नागठाणे हे गाव आहे. लहानग्या नारायणाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले, अशी परंपरागत माहिती आहे. भाऊराव कोल्हटकरांच्या निधनानंतर किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिकांसाठी गाता नट उरला नव्हता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने राजहंस या मंडळीत आले आणि १९०५ साली मिरजेत शकुंतलेच्या भूमिकेत रंगभूमीवर उभे राहिले. पुढे भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना मिळाली.

गंधर्व नाटक मंडळी आणि अत्तराचा शौक

१९१३ मध्ये गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. मंडळीच्या प्रयोगांत रंगमंचावर उंची गालिचे, अंगावर भरजरी शालू आणि मौल्यवान दागिने असत. प्रयोगाच्या रात्री नाट्यगृहात अत्तराचा दरवळ असे. हा खर्च हौशीपोटी झाला हे खरे असले, तरी तेवढेच म्हणणे अपुरे ठरते. मराठी घरांत अत्तर-गुलाब हा स्वागताचा विधी होता. लग्नात, पानसुपारीत पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावले जाई. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला हाच मान नाट्यगृहात मिळत होता.

फुलांचे पारंपरिक अत्तर महाग असण्याचे कारण त्याच्या कृतीत आहे. कनोजसारख्या ठिकाणी गुलाब, मोगरा किंवा केवडा पाण्यासह तांब्याच्या डेगेत मंद आचेवर ठेवतात. त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात फुलांचा गंध मुरतो. थोड्या अत्तरासाठी फुलांच्या राशी लागतात. विलायती सेंटातील मद्यार्क झपाट्याने उडून जातो. अत्तर मात्र तेलात असल्याने सावकाश दरवळते आणि कपड्यांत दीर्घकाळ राहते. पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला असा टिकाऊ सुगंधच शोभणारा होता. त्या काळच्या स्त्रिया बालगंधर्वांच्या साडी नेसण्याच्या आणि गजरा माळण्याच्या पद्धतीचे अनुकरण करीत. त्यामुळे रंगमंचावरील नायिकेभोवतीचा सुगंधही अनेकांच्या मनात तिच्या रूपाशी जोडला गेला असल्यास नवल नाही.

'स्वयंवर' (१९१६) मधील रुक्मिणीला हे वैभव साजत असे. 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधू ही मद्यपी नवऱ्याची दरिद्री पत्नी. तिच्यासाठी बालगंधर्वांनी ठिगळांचे लुगडे नेसले. ही भूमिकाही त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांमध्ये गणली जाते. त्यांचे यश केवळ थाटामाटावर उभे होते, या आक्षेपाला हे पुरेसे उत्तर आहे.

कर्ज आणि उत्तरायुष्य

खर्चाला हिशोब नव्हता. लोकप्रियतेच्या ऐन भरातच मंडळी कर्जात बुडाली. देणी फेडण्यासाठी ते वर्षानुवर्षे प्रयोग करीत राहिले. परंतु प्रयोगाचा थाट कमी करून पैसा वाचवणे त्यांना जमले नाही. १९३२ नंतर मराठी बोलपट आले आणि नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळला. १९३५ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पडद्यावर ना त्यांची नायिका होती, ना रात्रभर रंगणारे गाणे, ना अत्तराचा दरवळ. चित्रपटात ते रमले नाहीत व पुन्हा रंगभूमीकडे वळले. पुढील काळात गोहरबाई कर्नाटकी यांची त्यांना साथ मिळाली.

वृद्धापकाळ आजारपणात आणि आर्थिक ओढाताणीत गेला. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले. ते २६ जून १९६८ रोजी खुले झाले, तेव्हा त्यांच्या निधनाला जेमतेम वर्ष होत आले होते.