परतीची वाट : विनोबा आणि शिक्षेचा प्रश्न

विनोबा म्हटले की भूदान आणि गीताई एवढेच बहुतेकांना आठवते. आपल्या रायगड जिल्ह्याला त्यांचा अभिमान अधिकच, कारण पेण तालुक्यातील गागोदे हे त्यांचे जन्मगाव. मी मात्र त्यांचे चरित्र येथे एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने सांगणार आहे. गुन्हेगाराला शिक्षा कशासाठी करायची, हा तो प्रश्न. नीतिशास्त्राच्या तासाला त्याची तीन उत्तरे आम्ही वहीत उतरवून घेतली. केल्या कर्माचे फळ मिळावे म्हणून, इतरांना जरब बसावी म्हणून आणि गुन्हेगार सुधारावा म्हणून. वहीतली ही उत्तरे खऱ्या आयुष्यात कशी टिकतात हे पाहू लागलो, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातला हा माणूस समोर आला.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. बालपणीची पहिली वर्षे गागोद्यात गेली आणि पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेले. आई रुक्मिणीबाई दारी आलेल्या याचकाला रिकाम्या हाताने पाठवीत नसत. धट्टाकट्टा भिकारी अपात्र आहे असे मुलाने म्हटले, तर पात्र-अपात्र ठरवणारे आपण कोण, असे त्या त्याला समजावीत. वडील शिस्तीचे होते. चुकीबद्दल मुलाला मार ठरलेला असे. एके दिवशी तो मार अचानक थांबला. विनोबांना प्रथम कारण उमगेना. पुढे लक्षात आले की आपल्याला सोळावे वर्ष लागले आहे, आणि सोळाव्या वर्षी मुलाला मित्रासारखे वागवावे हे मनूचे वचन वडिलांनी पाळले आहे. मला ही आठवण फार बोलकी वाटते. मारणाऱ्यानेच मारण्याला एक मर्यादा आखून घेतली होती.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. १९२१ मध्ये विनोबा वर्ध्याला आले. त्यानंतर तुरुंग हा त्यांच्या आयुष्याचा भागच झाला. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी अठरा प्रवचने दिली. सानेगुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली. पुढे बेचाळीसच्या चळवळीतही त्यांना कारावास घडला.

सत्याग्रही कायदा मोडतो. पण पळत नाही आणि शिक्षा टाळत नाही. तुरुंगाच्या दाराशी तो आपल्या पायांनी जातो. शिक्षा लादून घेणे आणि शिक्षा स्वीकारणे यांतला हा फरक विनोबांनी पुस्तकात नव्हे, कोठडीत शिकला. आपल्या जिल्ह्याचे कारागृह अलिबागच्या हिराकोट किल्ल्यात आहे. त्या काळ्या भिंतींवरून जाताना माझ्या मनात येते की आतला माणूस बाहेर येईल तेव्हा कसा असेल, हे भिंत ठरवू शकत नाही.

स्वातंत्र्यानंतर तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालू होता. १९५१ साली विनोबा तिकडे निघाले, तेव्हा हैदराबादच्या तुरुंगातील कम्युनिस्ट बंद्यांनाही ते भेटले. सरकारने ज्यांना गुन्हेगार म्हणून कोंडले होते, त्यांचे म्हणणे त्यांनी आधी ऐकून घेतले. मग १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. गुन्ह्याच्या मुळाशी भूक असेल, तर नुसत्या बंदुकीने तो थांबत नाही, हे भूदानाच्या मुळाशी आहे.

या विचाराची खरी कसोटी १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात लागली. मानसिंग या प्रसिद्ध डाकूचा मुलगा तहसीलदारसिंग तुरुंगात होता आणि त्याला फाशीची शिक्षा झाली होती. त्याने विनोबांना पत्र लिहिले. निवृत्त मेजर जनरल यदुनाथसिंग यांनी मध्यस्थी केली. पदयात्रा भिंड-मुरैना भागात पोहोचली, आणि वीस डाकूंनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. विनोबांनी त्यांना माफीचे आश्वासन दिले नव्हते. ते सर्व तुरुंगात गेले आणि त्यांच्यावर रीतसर खटले चालले. काही सुटले, काहींना शिक्षा झाल्या. तहसीलदारसिंगाची फाशी पुढे टळली.

या घटनेवर टीकाही झाली. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांनी जाहीरपणे नापसंती दाखवली. ज्या शिपायांनी खोऱ्यात जीव गमावले, त्यांच्यापेक्षा मारेकऱ्यांचेच कौतुक होते आहे, हा त्यातला सल होता. मला हा आक्षेप हलक्याने झटकून टाकावासा वाटत नाही. डाकूचे हृदय पालटले हे खरे मानले, तरी ज्या बाईचा नवरा मारला गेला तिच्या घरात काय पालटले? क्षमा करण्याचा हक्क तिचा. संताचा नव्हे आणि सरकारचाही नव्हे. विनोबांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की त्यांनी न्यायालय मधून काढून टाकले नाही. त्यांनी गुन्हेगाराला न्यायालयाच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी आणले. पुढे माधोसिंग त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला जयप्रकाशांकडे पाठवले, आणि १९७२ साली कितीतरी अधिक डाकू शरण आले.

त्याच जयप्रकाशांना १९७५ च्या आणीबाणीत खटल्याविना डांबण्यात आले. तेव्हा मौनात असलेल्या विनोबांनी त्या काळाला अनुशासनपर्व म्हटल्याचे प्रसिद्ध झाले, आणि सरकारने त्याचा भरपूर उपयोग करून घेतला. आचार्यांचे अनुशासन असा आपला अर्थ असल्याचे विनोबांनी पुढे सांगितले. तरीही गुन्हा नसताना झालेल्या शिक्षेविरुद्ध त्यांच्याकडून स्पष्ट शब्द हवा होता, असे मला वाटते. थोर माणसाच्या चरित्रातली अशी जागा झाकून ठेवणे हा त्याचा आदर नव्हे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला, अन्न आणि औषध सोडून, त्यांनी देह ठेवला.

हे सारे आपल्या किनाऱ्याशी कसे जुळते? आपल्याकडे गावकीची शिक्षा आहे. भांडण झाले, दंड भरला नाही, की घर वाळीत पडते. त्या घराला किराणा मिळत नाही, त्यांच्या लग्नाला कोणी जात नाही, मयताला खांदा मिळत नाही. हे कोकणात अनेकांनी पाहिले आहे. रायगडातील अशा प्रकरणांचा बराच गाजावाजा झाल्यावर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो २०१७ पासून लागू आहे, आणि वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुरुंगाच्या शिक्षेला निदान मुदत असते. वाळीत टाकलेल्या घराला मुदत नसते, वकील नसतो, अपील नसते. आणि ज्यांनी काही केले नाही ती पोरेसुद्धा ती शिक्षा भोगतात.

चंबळचे डाकू आणि वाळीत पडलेले घर यांची तुलना विचित्र वाटेल. पण एका बाजूला खुनाचे आरोप असलेल्या माणसांना परत येण्याची वाट दाखवली गेली, आणि दुसऱ्या बाजूला वर्गणीच्या वादावरून शेजाऱ्याची वाट बंद होते. विनोबांच्या आयुष्यातून मी जे शिकलो ते एवढेच. शिक्षा असावी, ती ठरवण्यापूर्वी आरोपीचे ऐकावे, ज्याचे नुकसान झाले त्याला विसरू नये, आणि शिक्षेला एक शेवट असावा. ज्या शिक्षेनंतर माणसाला आपल्या गावात परतता येत नाही, तिला न्याय म्हणायला माझे मन तयार होत नाही.