सी. के. नायडू

कोट्टारी कनकैया नायडू (३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर – १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारताचे पहिले कसोटी कर्णधार होत. उंच, काटक बांध्याचे उजव्या हाताचे आक्रमक फलंदाज, उपयुक्त मंदगती गोलंदाज आणि चपळ क्षेत्ररक्षक अशी त्यांची ख्याती होती. प्रथम श्रेणीच्या २०७ सामन्यांत त्यांनी २६ शतकांसह ११,८२५ धावा केल्या व ४११ गडी बाद केले. कसोटी क्रिकेटमध्ये मात्र ७ सामन्यांत त्यांच्या नावावर केवळ ३५० धावा आहेत. देशात ज्या फटकेबाजीने मैदाने भरत होती, ती कसोटीत निष्प्रभ का ठरली, हा त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

नागपूरचे दिवस

नायडूंचे घराणे मूळचे तेलुगूभाषक. आजोबा नारायणस्वामी नागपुरात वकिली करीत व राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या कार्यात त्यांचा सहभाग होता. वडील सूर्यप्रकाशराव हेही कायद्याचे पदवीधर होते. मुलांच्या खेळाकडे दुर्लक्ष करण्याची तत्कालीन सुशिक्षित घरांतील रीत या घरात नव्हती. कनकैया यांचे शिक्षण सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळेत व पुढे हिस्लॉप महाविद्यालयाच्या शाळेत झाले. हिस्लॉपच्या संघाचे ते कर्णधार होते. नागपूरच्या मोदी क्रिकेट क्लबकडून खेळताना त्यांचा खेळ आकाराला आला. धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही पुढे भारताकडून ११ कसोटी सामने खेळले. त्यांचाही जन्म नागपूरचाच.

१९१६ साली मुंबईच्या प्रसिद्ध जातीय सामन्यांत कनकैया हिंदू संघाकडून युरोपीय संघाविरुद्ध प्रथम उतरले. तळाच्या क्रमांकावर फलंदाजीस आलेल्या या तरुणाने आपले धावांचे खाते षटकारानेच उघडले. जम बसेपर्यंत सावधपणे खेळावे, या त्या काळच्या शिरस्त्याशी हे अगदी विसंगत होते. मुंबईच्या प्रेक्षकांना मात्र तेच आवडले.

इंदूर आणि १९२६ ची खेळी

१९२३ मध्ये तुकोजीराव होळकर यांच्या निमंत्रणावरून नायडू इंदूरला गेले. संस्थानी सैन्यात त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि कालांतराने ते कर्नल झाले. उपजीविकेची चिंता मिटली व खेळाला वेळ मिळाला. त्या काळी उत्तम भारतीय खेळाडूला संस्थानिकांच्या आश्रयावाचून दुसरा आधार फारसा नव्हता, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याचा विचार करताना विसरता येत नाही.

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर, आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध, नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा केल्या. दोन तासांच्या आतच संपलेल्या या खेळीत ११ षटकार व १३ चौकार होते. समोर मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी आणि अॅस्टिल यांच्यासारखे नामवंत इंग्लिश गोलंदाज होते. त्यामुळे दुबळ्या माऱ्याची धुलाई म्हणून ही खेळी बाजूला सारता येणार नाही. पाहुण्या संघाने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली. भारतीय खेळाडू इंग्लंडशी बरोबरीने खेळू शकतात, असा विश्वास या दौऱ्याने निर्माण केला. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, त्यामागे या विश्वासाचाही वाटा होता.

कसोटीतील कर्णधारपद

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार म्हणून पोरबंदरचे महाराज आणि उपकर्णधार म्हणून लिंबडीचे घनश्यामसिंहजी यांची निवड झाली होती. आपल्या खेळाची मर्यादा ओळखून महाराज स्वतःहून बाजूला झाले. लिंबडीच्या राजपुत्रांना दुखापत झाली. अशा रीतीने २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत नेतृत्व नायडूंकडे आले. राजघराण्याबाहेरच्या माणसाच्या हाताखाली खेळणे काही सहकाऱ्यांना रुचले नाही.

महंमद निसार यांच्या भेदक माऱ्याने इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती, तरी सामना भारताने १५८ धावांनी गमावला. क्षेत्ररक्षण करताना हाताला झालेल्या दुखापतीसह खेळून नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, आणि संघाच्या १८९ धावांत तीच सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती. कसोटीबाहेर मात्र तो उन्हाळा त्यांचाच होता. लॉर्ड्सवर एम.सी.सी. विरुद्ध नाबाद ११८ धावा, दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या १,६१८ धावा, ६५ बळी आणि ३२ षटकार ही त्यांची कामगिरी. १९३३ च्या विस्डेनने वर्षातील पाच उत्कृष्ट क्रिकेटपटूंत त्यांचा समावेश केला.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा इंग्लिश संघ भारतात आला आणि चित्र पालटले. तीन कसोटींत नायडूंच्या धावा अनुक्रमे २८ व ६७, ५ व ३८, २० व २ अशा झाल्या. मुंबई व मद्रास येथे भारताचा पराभव झाला, कलकत्त्याचा सामना अनिर्णित राहिला.

आक्रमण का थांबले

याचे एक कारण जार्डिन यांची शिस्तबद्ध योजना हे होय. एका बाजूने निकल्स व क्लार्क यांचा वेग आणि दुसऱ्या बाजूने हेडली व्हेरिटी यांचा अचूक डावखुरा फिरकी मारा, अशी ही जोडणी होती. नायडूंचे मोठे फटके पुढे सरसावून, चेंडूच्या टप्प्याशी जाऊन मारलेले असत. व्हेरिटी यांच्यासारखा गोलंदाज टप्पा क्वचितच चुकवतो आणि फलंदाजाच्या उतावळेपणाची वाट पाहतो. मद्रास येथे त्यांनी पहिल्या डावात ४९ धावांत ७ गडी बाद केले आणि भारताचा डाव १४५ धावांत आटोपला. जातीय सामन्यांत एका तासाच्या फटकेबाजीने सामना फिरत असे. चार दिवसांच्या कसोटीत सीमारेषेवर क्षेत्ररक्षक ठेवून संयमाने गोलंदाजी करणाऱ्या व्यावसायिक संघाविरुद्ध तेवढ्याने भागत नव्हते.

दुसरे कारण भारतीय फलंदाजीच्या उथळपणात होते. नायडू बाद झाले की डाव कोसळेल, ही जाणीव प्रतिपक्षाला होती तशी त्यांना स्वतःलाही होती. मुंबई कसोटीच्या दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांच्याबरोबर त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी १८६ धावांची भागीदारी केली. त्या वेळी फटकेबाजी अमरनाथ करीत होते (त्यांचे ११८ हे भारताचे पहिले कसोटी शतक) आणि नायडू दुसरे टोक सांभाळून ६७ वर पोहोचले होते. म्हणजे कर्णधार झालेले नायडू, त्यांना प्रसिद्धी देणाऱ्या नायडूंपेक्षा वेगळे खेळू पाहत होते. दोन भूमिकांच्या या ओढाताणीत पहिला सहजपणा हरवला, असे त्यांच्या धावांवरून दिसते.

वयाचा मुद्दाही दुर्लक्षून चालत नाही. पहिली कसोटी खेळताना ते छत्तिशी ओलांडून गेले होते आणि शेवटच्या वेळी चाळिसाव्या वर्षात होते. चेंडूवर झेपावण्यास लागणारी नजर आणि पायांची चपळाई ज्या वयात सर्वाधिक असते, त्या वयात भारताला कसोटीचा दर्जाच नव्हता.

१९३६ च्या दौऱ्यावर नेतृत्व विजयानगरमचे महाराजकुमार यांच्याकडे गेले. संघात तट पडले. अमरनाथ यांना मधूनच मायदेशी पाठवण्यात आले. नायडूंचा जाहीर अपमान करणाऱ्यास कसोटीत स्थान मिळाल्याची चर्चा त्या काळी होती. पुढे सर जॉन बोमाँट यांच्या चौकशी समितीने महाराजकुमारांच्या नेतृत्वावर ठपका ठेवला. अशा वातावरणात पहिल्या दोन कसोटींत नायडूंच्या धावा १, ३, १६ आणि ३४ झाल्या. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत पहिल्या डावात ५ धावा आणि मग फॉलोऑननंतर ८१. गबी अॅलन यांचा वेगवान चेंडू अंगावर बसूनही त्यांनी मैदान सोडले नाही. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी आणि शेवटचीही. कसोटीतील त्यांची दोन्ही अर्धशतके फटक्यांच्या आतषबाजीतून नव्हे, तर संकटात पाय रोवून झाली, हे लक्षणीय आहे.

त्याच दौऱ्यात मँचेस्टर येथे विजय मर्चंट व मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा जोडल्या. मर्चंट यांचा खेळ शास्त्रशुद्ध व संयमी. मुश्ताक मात्र इंदूरचे, नायडूंच्याच तालमीत तयार झालेले आणि पुढे सरसावून फटके मारणारे. तेव्हा आक्रमक फलंदाजीच मुळात चुकीची होती, असे म्हणता येत नाही. समोर मर्चंट यांच्यासारखा साथीदार असता तर नायडूंचा खेळ कदाचित कसोटीतही खुलला असता.

होळकर संघ

असे साथीदार त्यांनी पुढे स्वतः घडवले. रणजी करंडक स्पर्धेत होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि नायडूंच्या नेतृत्वाखाली त्याने चार वेळा (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३) करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, सी. एस. नायडू अशी मंडळी त्यात होती. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला आणि त्यात सहा फलंदाजांची शतके होती, त्यांपैकी एक नायडूंचे. त्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा केल्या. तेव्हा त्यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

सहकाऱ्यांकडून ते कडक शिस्तीची अपेक्षा करीत आणि ती स्वतःही पाळत. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले. खेळपट्टीवरचे दात बाजूला सारून छप्पन्न वर्षांचे नायडू पुन्हा फलंदाजीस उभे राहिले, आणि फडकर यांनी वेग कमी केल्याचे लक्षात येताच त्यांनाच रागावले. तो सामना मुंबईने ५३१ धावांनी जिंकला.

होळकर संघाच्या उतरणीचे कारण मैदानाबाहेर होते. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि खेळाडूंना नोकऱ्या देणारा दरबारी आश्रय आटला. मुंबईकडे शाळा, महाविद्यालये आणि क्लब यांतून नवे खेळाडू सतत येत होते. इंदूरकडे तशी व्यवस्था नव्हती. तेथे एका माणसाने जमवलेला संघ होता आणि तो माणूस साठीकडे झुकला होता. १९५४-५५ ची अंतिम लढत मद्रासकडून ४६ धावांनी गमावल्यानंतर होळकर हे नाव स्पर्धेतून नाहीसे झाले.

उत्तरकाळ

१९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. १९५६-५७ च्या हंगामात, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. प्रथम श्रेणीचा अखेरचा सामना त्यांनी १९६३-६४ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी खेळला. इंदूर येथे त्यांचे निधन झाले. नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आणि युवा खेळाडूंची एक राष्ट्रीय करंडक स्पर्धा त्यांच्या नावाने दिली जाते. कन्या चंद्रा नायडू या भारतातील आरंभीच्या महिला क्रिकेट समालोचकांपैकी एक होत्या. वडिलांच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले आहे.