बुशहरचे कॉक्ससाहेब

आपल्या बडोद्याच्या रेसिडेन्सीत १८९५ च्या सुमारास पर्सी झकरिया कॉक्स नावाचे एक तिशीतले कॅप्टन रुजू झाले. हुद्दा मोठा नव्हता. गव्हर्नर जनरलच्या एजंटाचे मदतनीस, एवढेच. त्याआधी कोल्हापूर आणि सावंतवाडीलाही ते किरकोळ राजकीय नोकरीवर राहून गेले होते. तेव्हा कोल्हापुरात शाहू महाराजांच्या हाती कारभार यायचा होता. तो १८९४ साली आला. मराठी संस्थानांत असे उमेदवारी करून गेलेले हे साहेब पुढे इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर जवळजवळ दहा वर्षे ठाण मांडून बसले आणि त्या मुलखातल्या खानांची, सुभेदारांची, खेचरवाल्यांची खबर कलकत्ता, सिमला आणि लंडनला पाठवत राहिले. इराकच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. पण दुसऱ्याच्या मुलखाची माहिती गोळा करून सत्ता कशी चालते, हे समजून घ्यायचे तर त्यांची बुशहरची वर्षे पाहावीत.

कॉक्स यांचा जन्म इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात २० नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील क्रिकेटपटू. हॅरोची शाळा, सँडहर्स्टचे सैनिकी शिक्षण, आणि १८८४ साली पलटणीत भरती होऊन हिंदुस्थान. १८८९ मध्ये लग्न झाले आणि त्याच सुमारास ते हिंदुस्थानच्या स्टाफ कोअरमध्ये आले. मधली काही वर्षे सोमालीलँडच्या झैला आणि बर्बेरा बंदरांत गेली. तिथे त्यांना दोन गोष्टी साधल्या : अरबी भाषा आणि गप्प बसणे. समोरच्याला बोलू द्यायचे आणि आपण ऐकत राहायचे, ही त्यांची पद्धत पुढे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरा नाद पक्ष्यांचा. आखातातल्या आणि इराकमधल्या पक्ष्यांवरचे त्यांचे काम मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या ओळखीचे होते.

रेसिडेंटाचा अहवाल काय करू शकतो हे बडोदेकरांना कुणी सांगायला नको. कॉक्स येण्याच्या वीस वर्षे आधी कर्नल फेअर यांनी मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराविरुद्ध अहवालांची रांग लावली होती. मग विषप्रयोगाचा आरोप आला, चौकशी आयोग बसला. आयोगात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव होते. सहा जणांत तीन-तीन अशी मते फुटली, तरी १८७५ साली मल्हारराव गादीवरून गेलेच. बडोद्याच्या दप्तरात बसलेल्या तरुण कॉक्स यांच्या डोळ्यांखालून हा इतिहास गेला नसेल, असे मला वाटत नाही.

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी त्यांना मस्कतला पाठवले. तिथला सुलतान इंग्रजांवर चिडलेला होता आणि फ्रेंचांकडे झुकत होता. कॉक्स यांनी धाकदपटशा न करता त्याला पुन्हा जवळ आणले. ते पाहून १९०४ साली त्यांना बुशहरची जागा मिळाली.

ही जागा मोठी विचित्र होती. बुशहर इराणचे बंदर, शहाचा मुलूख. पण तिथला इंग्रज रेसिडेंट हिंदुस्थान सरकारचा नोकर. ईस्ट इंडिया कंपनीने १७६३ साली ही रेसिडेन्सी उघडली, आणि १८७३ पर्यंत ती मुंबई सरकारच्या हाताखाली होती. म्हणून त्या काळातल्या आखाती पत्रव्यवहाराचे बाड आजही मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. रेसिडेंट असलेली हीच व्यक्ती फार्स, लुरिस्तान आणि अरबिस्तान, म्हणजे आजचे खुझेस्तान, या प्रांतांची कॉन्सल-जनरलही असे. म्हणजे मालक दोन. रेसिडेंट म्हणून हिंदुस्थान सरकारला लिहायचे आणि कॉन्सल म्हणून तेहरानच्या वकिलातीला. एकच बातमी, दोन टपाले. दोन खात्यांच्या कात्रीत सापडलेल्या कुणाही कर्मचाऱ्याला यातली कसरत कळेल.

या टपालात काय असे? शिराझला नवा सुभेदार आला, त्याने वसुलीचा ठेका किती बोलीला घेतला, गव्हाचा भाव, टोळधाड, रोगराई, बंदरात उतरलेल्या चोरट्या बंदुका, जकातीवर बसवलेल्या बेल्जियन अधिकाऱ्यांशी व्यापाऱ्यांच्या कुरबुरी. आणि सगळ्यात जास्त काही असेल तर रस्ता. बुशहरहून शिराझला जाणारी वाट बुराझजान, दालकी, काझरून अशी एकामागून एक उंच घाट चढत जाई. त्या घाटांना तिकडे कोतल म्हणतात. गाडीरस्ता नाही, सगळा माल खेचरांवर. वाटेवरचा प्रत्येक खान आपले तुफंगची, म्हणजे बंदूकधारी, बसवून राहदारी वसूल करी. शब्द आपलाच आहे, किंवा आपण तो तिकडूनच घेतला आहे. राहदारी वाढली की खेचराचे भाडे वाढे, भाडे वाढले की मँचेस्टर आणि मुंबईचा कपडा शिराझमध्ये महाग होई, आणि मग तक्रार कॉक्स यांच्या टेबलावर येई.

ही खबर आणणारे लोक बहुतेक गोरे नव्हतेच. शिराझमध्ये विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत इंग्रजांचे काम मूळ हिंदुस्थानी असलेल्या एका नवाब घराण्यातले एजंट पाहत. सुमारे १८७४ ते १९०४ या तीस वर्षांतल्या दक्षिण इराणमधल्या इंग्रजांच्या बातमीदारांची टिपणे सईदी सिरजानी या इराणी लेखकाने पुढे तेहरानला पुस्तकरूपाने छापली. पुस्तकाचे नाव ‘वकाये-ए-इत्तेफाकिये’. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला वाकेनवीस आणि आपल्याकडची वाकनीस मंडळी यांच्या नावातला ‘वाका’ याच घरातला. कोणाला फटके बसले, कुठे चोरी झाली, रोटीवाल्यांनी दुकाने का बंद ठेवली, सुभेदाराने कोणाकडून किती उकळले, असली रोजची घडामोड त्यात आहे. स्वतःच्या शहराचा हा इतिहास इराण्यांना परक्यांच्या हेरांच्या टिपणांतून वाचावा लागतो. दुसऱ्या कुणी तो रोजच्या रोज लिहूनच ठेवला नाही.

कॉक्स यांनी हे सगळे जाळे नीट बांधले. बंदर अब्बास, मोहम्मरा, अहवाझ, केरमान इथल्या प्रतिनिधींची डायरी बुशहरला येई, तिथे चाळली जाई, आणि वर्षाअखेरीस सगळ्याचा मिळून छापील प्रशासन अहवाल निघे. आपल्याकडे जिल्हा गॅझेटियर असते तसे संपूर्ण आखाताचे गॅझेटियर लॉरिमर या अधिकाऱ्याने याच काळात तयार केले. त्याच्या पानापानाला बुशहरच्या कचेरीची माहिती आहे. ते गुप्त ठेवले गेले. ज्यांची माहिती त्यांनाच ती पाहायची सोय नाही!

माहितीचा उपयोग लगेच होई. शिराझमध्ये कश्काई टोळ्यांचा प्रमुख सौलतुद्दौला आणि कवाम घराणे यांचे हाडवैर होते. १९११ साली कवाम बंधूंना हद्दपार करून नेत असताना एक भाऊ वाटेत मारला गेला, दुसऱ्याने पळून थेट इंग्रजांच्या कॉन्सुलेटात आसरा घेतला. कोणाला आसरा द्यायचा आणि कोणाला नाही, हे ठरवायला आधीची वर्षानुवर्षांची टिपणे हाताशी होती. त्याच वर्षी सेंट्रल इंडिया हॉर्सचे घोडदळ बुशहरला उतरवून शिराझला रवाना केले गेले. डिसेंबरात काझरूनजवळ त्यांच्या पहाऱ्यात चाललेल्या कॉन्सलवरच गोळीबार झाला, कॉन्सल जखमी झाले. हिंदुस्थानी शिपाई तिथे कोणासाठी मरत होता, हा प्रश्न अहवालात येत नसे.

याच वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट तेलाची. २६ मे १९०८ रोजी मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागले. शुद्धीकरणाचा कारखाना आबादान बेटावर बांधायचा होता आणि बेट मोहम्मऱ्याचे शेख खझल यांच्या ताब्यात. कॉक्स शेखला वर्षानुवर्षे ओळखत होते. त्याची तेहरानची भीती, त्याचे शेजारी, त्याची पैशाची गरज. जुलै १९०९ मध्ये करार झाला : वर्षाला ६५० पौंड भाडे, दहा वर्षांचे आगाऊ, वर १०,००० पौंडांचे कर्ज. ६५० पौंड! जगातल्या सर्वांत मोठ्या तेलकारखान्यांपैकी एक त्या जमिनीवर उभा राहिला. मोबदल्यात शेखला खरे हवे होते ते आश्वासन, की इराण सरकारने आपले हक्क मोडू पाहिले तर इंग्रज पाठीशी उभे राहतील. तशी लेखी आश्वासने कॉक्स यांच्या हातून त्याला मिळाली, १९१० साली किताबही मिळाला.

पण या सगळ्या बारीक माहितीला एक भोक होते. १९०६ साली इराणात संविधान आले, ठिकठिकाणी अंजुमने निघाली, वर्तमानपत्रे निघाली. १९०९ साली सय्यद मुर्तझा अहरमी या धर्मगुरूने संविधानाच्या नावाने तंगिस्तानी बंदूकधाऱ्यांसह बुशहरच ताब्यात घेतले. कॉक्स यांनी नौसैनिक उतरवले. बुशहरच्या कागदांत अशा घटना येतात, पण बहुधा जकात, रस्ता आणि गोंधळ या सदरांखाली. खान मोजायची सवय लागलेल्या कचेरीला माणसे मोजता आली नाहीत, असे माझे मत आहे.

त्याची किंमत तेहरानला कळली. महायुद्धात कॉक्स बसरा आणि बगदादला मुख्य राजकीय अधिकारी होते. तिथेच असताना १९१७ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला. १९१८ साली ते तेहरानला हंगामी वकील म्हणून आले. ९ ऑगस्ट १९१९ चा करार त्यांनी केला : इराणचे सैन्य आणि खजिना इंग्रज सल्लागारांच्या हाती, बदल्यात वीस लाख पौंडांचे कर्ज. पंतप्रधान वुसूकुद्दौला आणि दोन मंत्र्यांना मिळून १,३१,००० पौंड गुपचूप दिले गेले. बुशहरच्या हिशेबाने हे बरोबरच होते. खान वळला की टोळी वळते. इथे तसे झाले नाही. लोक खवळले, मजलिसची मंजुरी कधी मिळालीच नाही, आणि १९२१ च्या सत्तापालटानंतर करार रद्द झाला.

कॉक्स तोवर बगदादला हायकमिशनर होऊन गेले होते. फैसलचे राज्य, १९२२ ची उकैरची सरहद्द आखणी, हा भाग इतरत्र खूप लिहिला गेला आहे. १९२३ ला ते निवृत्त झाले. पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्षही झाले.

इकडे इराणात रझाखान वर आला. त्याला पूर्ण देश एका हाताखाली हवा होता आणि इंग्रजांना आता तो हवा होता. १९२५ च्या एप्रिलमध्ये शेख खझलना पकडून तेहरानला नेले, इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. अकरा वर्षे नजरकैदेत काढून १९३६ च्या मे महिन्यात शेख तिथेच वारले. पुढच्या फेब्रुवारीत, २० तारखेला, बेडफर्डशायरमध्ये शिकारीला गेलेल्या कॉक्स यांना घोड्यावर असतानाच मृत्यू आला.

रेसिडेन्सी १९४६ साली बुशहरहून बहारीनला हलली. तिथून दप्तर लंडनला गेले, आणि आता कतारच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याची पानेच्या पाने संगणकावर मोफत ठेवली आहेत. खेचराचे भाडे, टोळधाड, राहदारी, सगळे तिथे आहे. शेख खझलना दिलेल्या आश्वासनाची नक्कलही त्यातच आहे.