कर्करोग-संशोधनाचे आद्य आचार्य : डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. ती व्यक्ती बहुधा ज्ञातीतील असावी आणि तिच्या मोठेपणाचा थोडासा प्रकाश आपल्याही अंगावर पडावा, अशी सुप्त इच्छा त्यामागे असते, हे कबूल करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. यंदा ज्यांचे चरित्र आम्ही सादर करीत आहोत ते डॉ. वसंत रामजी खानोलकर कोणत्या ज्ञातीत जन्मास आले, ही चौकशी मात्र आम्ही मुद्दाम बाजूस ठेवली आहे. ज्ञाती आणि रोग यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्यांनी शास्त्राच्या काटेकोरपणाने विचारला आणि त्याचे जे उत्तर मिळविले, त्याचे ऋण सर्वच ज्ञातींवर सारखे आहे.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी अशी पदवी घेऊन आलेल्या तरुणाने दवाखाना थाटला असता तर संपत्तीस तोटा नव्हता. खानोलकरांनी पत्करली ती अध्यापकाची आणि प्रयोगशाळेची वाट. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. रोगाने शरीराच्या पेशींत काय बिघाड होतो हे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहून ठरविणे, हे या शास्त्राचे काम. विकृतिशास्त्रज्ञाची रुग्णाशी गाठ क्वचितच पडते. पण रोगाचे अखेरचे निदान त्याच्याच टेबलावर होते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांच्या हाती आली. कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य राष्ट्रांचा रोग असून हिंदी लोकांस तो क्वचितच होतो, असा समज तोवर पुष्कळ ठिकाणी रूढ होता. वास्तविक आपल्याकडे बहुसंख्य माणसे उतारवयास पोहोचण्यापूर्वीच अन्य रोगांस बळी पडत आणि खेड्यापाड्यांतील मृत्यूंचे कारण कोणी नीट नोंदवीतही नसे. रोग नव्हता असे नाही, तो मोजला जात नव्हता. परळच्या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येऊ लागले, तेव्हा मोजणीची पहिली मोठी संधी मिळाली आणि खानोलकरांनी ती दवडली नाही.

त्यांच्या मोजणीचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ रोगाची नव्हती, रोग्याच्या राहणीचीही होती. अर्बुद शरीराच्या नेमक्या कोणत्या भागी आहे, याबरोबरच रोगी कोणत्या प्रांताचा, कोणत्या समाजाचा, त्याचे खाणेपिणे, वेष आणि व्यसने कोणती, याकडेही त्यांनी लक्ष पुरविले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत जो रोग एकंदर कर्करोगांचा लहानसा हिस्सा होता, तो येथे रुग्णालयाच्या खाटा भरून टाकीत होता. असे का व्हावे?

या प्रश्नाची उकल १९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्या सहकार्याने लिहिलेल्या निबंधात दिसते. लोकांच्या चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले आहेत. पहिला खैनीचा. बिहार व उत्तर प्रदेशाकडील श्रमजीवी लोक तंबाखू चुन्याशी मळून खालच्या ओठाच्या आतील खाचेत धरून ठेवतात. त्यांना अर्बुद होते ते नेमके त्याच ठिकाणी. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या विशाखापट्टणम किनाऱ्याकडे चुट्टा ओढताना त्याचे पेटते टोक तोंडात धरण्याची रीत आहे. त्या लोकांना रोग होतो तो टाळूस, जेथे अन्य लोकांत तो विरळा. तिसरा धोतराचा. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्या जाणाऱ्या वस्त्राने कमरेची कातडी प्रथम खरखरीत होते, तिचा रंग उडतो, मग व्रण होतो आणि क्वचित त्या व्रणातून कर्करोग उद्भवतो. पुढील काळात साडीच्या गाठीखालीही असेच रुग्ण आढळले. काश्मिरात थंडीसाठी पोटाशी बाळगल्या जाणाऱ्या कांगडीच्या उष्णतेने होणारा कर्करोग वैद्यकास पूर्वीपासून ज्ञात होता. त्या एका उदाहरणास आता तीन सोबती मिळाले.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी. हे रोगी त्या त्या प्रांताचे आणि समाजाचे होते. तेव्हा रोग त्यांच्या रक्तातच आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु जेथे तंबाखू धरली तेथेच ओठ बिघडला आणि जेथे विस्तव लागला तेथेच टाळू बिघडली. रक्त तर सर्वांगात खेळते. ते अशी जागा निवडीत नाही. जागा निवडते ती सवय.

तथापि खानोलकरांनी रक्ताचाही पक्ष न ऐकताच निकाल दिला असे नव्हे. मुंबईत एकच हवा आणि एकच पाणी वापरणाऱ्या समाजांत कर्करोगाची वाटणी भिन्न होती. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक, असे आढळत होते. यावर १९४५ साली त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. पुढे १९४९ साली डॉ. संघवी यांच्यासमवेत मुंबईतील आपसांतच विवाह करणाऱ्या सहा समूहांच्या सात आनुवंशिक लक्षणांची पाहणी त्यांनी प्रसिद्ध केली. ज्ञातीज्ञातींतील भेद अभिमानाने वा तिरस्काराने न मोजता रक्तगटांच्या प्रमाणांनी मोजण्याचा तो प्रयत्न होता. सर्वच कर्करोगांचे उत्तर खैनीइतके सरळ मिळाले नाही. स्तनाच्या रोगात आनुवंशिकता, विवाहाचे वय आणि अपत्यसंख्या यांची गुंतागुंत आहे, हे आज आपण जाणतो. पण तोंड व घसा यांच्याबाबत संशय उरला नाही. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी कर्करोगाचे रुग्ण आणि तो रोग नसलेली माणसे यांच्या सवयींची तुलना करून दाखविले की, तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाशी आहे आणि ओढण्याचा संबंध घशाच्या भागांशी आहे.

या पद्धतीस एक मर्यादा होती. रुग्णालयात येणारे रोगी म्हणजे संपूर्ण शहर नव्हे. कोणत्या समाजात रोग किती, हे खात्रीने सांगण्यास नगरातील प्रत्येक रुग्णाची नोंद हवी. ते काम १९६३ साली भारतीय कर्करोग संस्थेने मुंबईत नोंदणी-केंद्र स्थापून आरंभिले. परंतु काय विचारावयाचे, हे खानोलकरांच्या पिढीने आधीच शिकविले होते.

१९५२ साली परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तेथे त्यांनी माणसे घडविली. पेशींच्या संवर्धनात नाव मिळविलेल्या डॉ. कमल रणदिवे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सत्यवती सिरसाट आणि आनुवंशशास्त्रज्ञ डॉ. संघवी ही त्यांपैकी काही नावे. स्त्रियांना प्रयोगशाळेत बरोबरीचे स्थान देणारे आचार्य त्या काळी थोडे होते, हे आमच्या भगिनींनी ध्यानी घ्यावे. कुष्ठरोगाच्या जंतूचे संवर्धन करण्याचे प्रयत्नही याच केंद्रात झाले आणि १९५८ साली बापट, रणदिवे व खानोलकर यांनी त्यावर निबंध लिहिला. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राष्ट्रीय प्राध्यापकपद व पद्मभूषण हे सन्मान त्यांस लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर शास्त्र पुढे गेले. तंबाखूविना केवळ सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. परंतु घरातील मशेरीची डबी आणि समारंभातील तबक यांवर कोणते शासन बंदी घालणार?

आपल्या मंडळाच्या वधुवर-नोंदणीत आपण गोत्र विचारतो, देवक विचारतो, मूळ गाव विचारतो. खानोलकर आपल्या रोग्यास समाजही विचारीत आणि सवयही विचारीत. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर जन्माने ठरलेले असते आणि ते बदलणे कोणाच्या हाती नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र उद्या सकाळी बदलता येते. वडिलांकडून मुलाकडे जे जे जाते ते सारे रक्तातूनच जाते असे नाही. पुष्कळसे अनुकरणाने, कौतुकाने आणि पाहुणचाराच्या रूपाने जाते. आजोबांसाठी तंबाखू मळून देणारा नातू आम्ही सर्वांनीच पाहिला आहे, आणि त्याचे कौतुकही केले आहे.

यास्तव आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे की, मंडळाच्या यापुढील मेळाव्यांत अतिथींचे स्वागत फुलांनी व गुळपाण्याने व्हावे. सुपारी-तंबाखूचे तबक फिरू नये. ज्यांच्या तोंडात न भरणारी जखम वा पांढरा चट्टा आहे, त्यांनी संकोच न करता डॉक्टरांस दाखवावे, कारण हा रोग लवकर कळल्यास पुष्कळदा बरा होतो. ज्यांनी एक हजार रोग्यांची तोंडे तपासून आपणांस सावध केले, त्या आचार्यांचे स्मरण एवढ्या आचरणाने झाले, तरी हे चरित्र छापल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.