डिझेल नावाचा माणूस

थर्ड इयरला आय. सी. इंजिन्सच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला शेवटी जो प्रश्न विचारला, तो सिलॅबसमध्ये नव्हता. कॉम्प्रेशन रेशो, सीटेन नंबर, डिझेल नॉक, सगळं घडाघडा बोलून झालं होतं. जर्नलवर सही होणार एवढ्यात सरांनी सहज विचारलं, की हा डिझेल म्हणजे कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं? मी गप्प! खरं सांगायचं तर ऑटो आणि डिझेल ही हाडामांसाची माणसं होती हेच माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. माझ्यासाठी ती पी-व्ही डायग्रामची नावं होती. मार्क मिळाले, पण तो प्रश्न मात्र हॉस्टेलवर माझ्याबरोबरच आला.

तसं डिझेल इंजिनशी माझं नातं कॉलेजच्या आधीपासूनचं. आमच्या विहिरीवर एक जुनं सिंगल सिलिंडर इंजिन होतं. हँडल मारून मारून वडिलांचे खांदे भरून यायचे. कधी पाइपात हवा धरायची, कधी डिझेलमध्ये पाणी यायचं, कधी नोझल चोंदायचं. ऊस वाळत चाललेला आणि इंजिन रुसलेलं! तेव्हा हे यंत्र बनवणाऱ्याला मी मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. म्हणूनच लायब्ररीत बसून त्याचं चरित्र शोधलं. मित्रांनो, ते वाचून झाल्यावर मला त्या शिव्यांची लाज वाटली.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, परिस्थिती बेताचीच. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना गाशा गुंडाळावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. पण तिथे खाणारी तोंडं जास्त आणि मिळकत कमी. बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते गृहस्थ गणित शिकवायचे. आपल्याकडे शिक्षणासाठी मामाकडे किंवा काकाकडे राहणारी मुलं असतात ना, अगदी तसंच! तिथे पोराला गोडी लागली आणि त्याने ठरवून टाकलं, की आपण इंजिनिअर व्हायचं.

स्कॉलरशिपवर तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला प्रोफेसर मिळाले कार्ल फॉन लिंडे, म्हणजे रेफ्रिजरेशनमध्ये आपण ज्यांचं नाव वाचतो तेच. लिंडे सरांनी वर्गात कार्नो सायकल शिकवली आणि सांगितलं, की वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येतो, बाकी सगळी वाया. कार्नो आपण पण शिकतो. परीक्षेत लिहितो आणि विसरतो. हा मुलगा विसरला नाही. बाकीच्या नव्वद टक्क्यांचं काय, हा प्रश्न त्याने आयुष्यभर उराशी धरला.

आणि गंमत म्हणजे परीक्षेच्या वेळी पठ्ठ्याला टायफॉइड झाला आणि त्याची १८७९ ची फायनल हुकली! मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीत हाताने काम केलं आणि १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली, ती अव्वल मार्कांनी. ए.टी.के.टी. वाल्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवायला हरकत नाही.

पुढे बरीच वर्षं त्याने लिंडेंच्या बर्फाच्या यंत्रांच्या धंद्यात नोकरी केली, आधी पॅरिसला आणि १८९० पासून बर्लिनला. लग्न झालं, तीन मुलं झाली. पण डोक्यातला किडा स्वस्थ बसेना. आधी अमोनियाच्या वाफेवर इंजिन करून पाहिलं, ते जमलं नाही. मग कल्पना सुचली ती अशी. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची, की दाबल्यामुळेच ती लालबुंद निखाऱ्यासारखी तापेल. त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको. १८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्याने एक पुस्तकही काढलं.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याची मूळ थिअरी जशीच्या तशी चालणारी नव्हती. त्याला जळण समतापमानाला व्हायला हवं होतं, कार्नोसारखं. त्यासाठी पुस्तकात त्याने २५० अॅटमॉस्फिअर दाब धरला होता. एवढा दाब गाठायलाच इंजिनाची सगळी ताकद खर्ची पडली असती. ही चूक त्याच्या लक्षात आली आणि त्याने दाब बराच खाली आणला. आज आपण डिझेल सायकल म्हणून जी स्थिर दाबाची आडवी रेघ काढतो, ती या माघारीतून आलेली आहे. आणखी एक. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज माणसाने त्याच्या आधीच, १८९० मध्ये, वेगळ्या धर्तीच्या तेलाच्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं. त्यामुळे श्रेय कुणाचं यावर वाद झाले. पण जोराच्या दाबाने हवा तापवून त्यातच इंधन पेटवायचं, हे करून दाखवलं ते डिझेलनेच.

करून दाखवणं सोपं नव्हतं. ऑग्सबुर्गच्या कारखान्यात (आजच्या एम.ए.एन.च्या मूळ कारखान्यात) पहिलं इंजिन उभं राहिलं. बोअर १५० मि.मी., स्ट्रोक ४०० मि.मी. १० ऑगस्ट १८९३ ला बाहेरून पट्ट्याने फिरवून त्यात पहिल्यांदा इंधन सोडलं. धडाम! दाब ८० अॅटमॉस्फिअरच्या घरात गेला आणि दाब मोजायचा इंडिकेटरच फुटला. तुकडे उडाले. दुसरा कुणी असता तर त्याने प्रोजेक्टचा टॉपिक बदलला असता. याला मात्र आनंद झाला, कारण इंधन ठिणगीशिवाय पेटलं होतं!

त्यानंतर जवळजवळ चार वर्षं नुसत्या दुरुस्त्या. पिस्टनच्या रिंगांतून हवा गळायची. इंधनाचे बारीक तुषार होत नव्हते, म्हणून ते धड जळत नव्हतं आणि काजळी धरायची. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोतानेच इंधन आत फुंकायची युक्ती स्थिरावली, पण त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरलं. किती? मिनिटाला ८८ फेरे, आणि तेही साधारण एकच मिनिट!

बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, म्युनिकचे प्रोफेसर श्रोटर यांनी नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. त्याचं स्पेसिफिकेशन लिहून ठेवण्यासारखं आहे. एक उभा सिलिंडर, बोअर २५० मि.मी., स्ट्रोक ४०० मि.मी., म्हणजे जवळपास साडेएकोणीस लिटर. वेग १५४ आर.पी.एम. शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती. वजन साडेचार टनांच्या आसपास. आज सव्वा-दीड लिटरचं गाडीचं इंजिन सत्तरच्या पुढे अश्वशक्ती देतं. पण खरा आकडा पुढेच आहे. कार्यक्षमता २६.२ टक्के! तेव्हाचं कोणतंही इंजिन याच्या जवळपास नव्हतं.

इथे सिनेमा असता तर संपला असता. डिझेलची खरी परीक्षा इथून सुरू झाली. लायसन्स धडाधड विकली गेली. नुसत्या अमेरिकेच्या हक्कांचे दहा लाख मार्क मिळाले. म्युनिकला आलिशान बंगला झाला. पण गिऱ्हाइकाकडे गेलेली इंजिनं बंद पडायला लागली. प्रयोगशाळेत इंजिनाच्या बाजूला निष्णात माणसं उभी होती, कारखान्यात साधा कामगार. व्हॉल्व्ह गळायचे, इंधनाचं तोंड तुंबायचं, कॉम्प्रेसर दगा द्यायचा. काही इंजिनं परत आली, त्यांचे पैसे परत करावे लागले. ऑग्सबुर्गला डिझेलच्या नावाने काढलेला नवा कारखाना चालला नाही. डोकेदुखी आणि मानसिक थकव्याने त्याला सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. इंजिन भरवशाचं केलं ते इमॅन्युएल लाऊस्टरसारख्या इंजिनिअरांनी, एकेक दोष चिकाटीने काढत. त्यांची नावं आपल्या पुस्तकात नाहीत.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेलला ग्रां प्री मिळालं. तिथे एक छोटं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं! बायोडिझेलवर सेमिनार देणाऱ्यांनी हे जरूर सांगावं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं जहाज समुद्र ओलांडून बँकॉककडे निघालं. जगात नाव झालं, पण घरात पैसा उरला नव्हता. जमिनी आणि तेलविहिरींमधली गुंतवणूक बुडाली होती. वरून बंगला, आतून कर्ज.

२९ सप्टेंबर १९१३. अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीत तो सहकाऱ्यांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास केबिनमध्ये गेला. पहाटे सव्वासहाला उठवा असं सांगून ठेवलं होतं. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं. डेकवर टोपी आणि कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खिशातल्या वस्तू काढून घेऊन प्रेत परत पाण्यात सोडलं. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. निघताना बायकोकडे ठेवलेल्या बॅगेत वीस हजार मार्क रोख आणि दिवाळं निघाल्याचे कागद होते. घातपाताच्या कहाण्या पुष्कळ आहेत, पण पुरावा कशालाच नाही. मला त्या बॅगेपुढे जाववत नाही.

मोटारीत त्याचं इंजिन नीट बसलं ते त्याच्यानंतर. १९२७ मध्ये बॉशचा इंजेक्शन पंप बाजारात आला आणि हवेच्या झोताची कटकट गेली. १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी ही गाडी आली. अडीच लिटर, चार सिलिंडर, ४५ अश्वशक्ती. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली. आज कॉमन रेलमध्ये दोन हजार बारच्या वर दाबाने इंधन मारतात. पण दुखणी बघा! इंजेक्टर तुंबणं, रिंगा झिजून ब्लो-बाय होणं, धूर, काजळीने भरलेला फिल्टर. नावं बदलली, १८९३ चीच भुतं आहेत.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा विहिरीवरचं इंजिन पुन्हा रुसलं होतं. या वेळी शिवी दिली नाही. पाइप सैल केला, हवा काढली, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला. वडिलांनी हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला ते धडधडायला लागलं, पाटात पाणी आलं. ठिणगीशिवाय.

टेस्ट बेडवर चालतं ते यंत्र अर्धंच झालेलं असतं. शेतात, कारखान्यात, आपल्या माघारी चालेल तेव्हा ते पूर्ण. आणि माणसाचंही थोडं तसंच. आपल्या शेजारच्या खोलीत एखादा आतून कर्जाने, बॅकलॉगने किंवा आणखी कशाने दबलेला असेल, आणि वरून हसत मेसला येत असेल. हवा दाबली की तापते, हे आपल्याला पाठ आहे. तेवढं त्याचं दार एकदा वाजवा.