पापानिकोलाऊंची काचपट्टी आणि न येणाऱ्या स्त्रिया

१९१३ साली न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ व त्यांच्या पत्नी अँड्रोमाखी यांच्याजवळ भांडवल म्हणावे असे काहीच नव्हते. १८८३ साली ग्रीसमधील किमी गावी जन्मलेल्या, अथेन्सला वैद्यकाची व म्युनिकला प्राणिशास्त्राची पदवी मिळविलेल्या या संशोधकाला आरंभी एका दुकानात गालिचे विकावे लागले. पत्नीने कपड्यांना गुंड्या लावण्याचे काम पत्करले. पुढील वर्षी कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना जागा मिळाली आणि पत्नीही त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या.

गिनीपिग मादीच्या ऋतुचक्राबरोबर योनिस्रावातील पेशी कशा पालटतात, हे त्यांनी १९१७ मध्ये दाखविले. तोच अभ्यास मानवी स्त्रीवर करावयाचा, तर नित्य नमुना देणारी स्त्री हवी होती. अँड्रोमाखीबाईंनी ते कार्य वर्षानुवर्षे निष्ठेने केले. पुढे अन्य स्त्रियांच्या नमुन्यांत त्यांना कर्करोगाच्या पेशी आढळल्या. १९२८ साली त्यांनी हा शोध मांडला, तेव्हा वैद्यकविश्वाने त्याकडे पाठ फिरविली. तब्बल एका तपानंतर, डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने, १९४१ चा निबंध व १९४३ चा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पॅप चाचणीला मान्यता लाभली. १९६२ च्या फेब्रुवारीत मायामी येथे त्यांचे निधन झाले.

एक काचपट्टी, थोडा रंग व एक सूक्ष्मदर्शक, एवढ्या अल्प साधनांत गर्भाशयमुखाचा कर्करोग बळावण्यापूर्वीच हेरता येऊ लागला. परंतु साधन स्वस्त झाले म्हणून त्याचा वापर आपोआप वाढत नाही. फिनलंडने १९६० च्या दशकात स्त्रियांना नावानिशी पत्रे धाडून तपासणीस बोलाविले आणि तेथील मृत्यूंत मोठी घट झाली. याउलट भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयोगटातील ज्यांची ही तपासणी एकदा तरी झाली, अशा स्त्रिया शेकडा २ देखील नव्हत्या.

याचा दोष स्त्रियांच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे. पण तपासणी विनामूल्य असली, तरी शेतमजूर स्त्रीला तिच्यासाठी दिवसाची मजुरी गमवावी लागते, गाडीभाडे मोजावे लागते, घरच्यांची संमती मिळवावी लागते. शिवाय परक्या पुरुषासमोरचा संकोच असतोच. जिला काहीच दुखत नाही, तिने ही किंमत का मोजावी? तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ४९७ खेड्यांत झालेल्या आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने याचे उत्तर दिले आहे. तेथे आरोग्यसेवकांनी गावोगावी जाऊन निमंत्रण दिले, तेव्हा बहुसंख्य स्त्रिया आल्या. आणि ज्या गटाची या रोगास कारण होणाऱ्या विषाणूसाठी एकदाच चाचणी झाली, त्या गटातील मृत्यू सुमारे निम्म्यावर आले.

पापानिकोलाऊ यांच्या घरातीलच स्त्री प्रयोगशाळेत होती. म्हणून त्यांचे संशोधन पुढे गेले. ज्यांच्या घरापासून दवाखाना कोसभर दूर आहे, त्या स्त्रियांपर्यंत तपासणीनेच चालत गेले पाहिजे. तो खर्च अंदाजपत्रकात धरला जात नाही, तोवर हा शोध भारतातील खेड्यांपुरता अपुराच राहील.